घोड्याची वाट, पाटकऱ्याची वाट

#धागा : कालव्याच्या काठाने जाणाऱ्या दोन वाटांचा इतिहास. एक वाट इंग्लंडमधली आहे, दुसरी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरची. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

१/
इंग्लंडच्या ग्रामीण भागात सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब सायकली घेऊन कालव्याच्या काठाने फिरायला जाण्याची पद्धत आहे. एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला कुंपणे आणि कुरणे, मधून मधून दगडी कमानीचे पूल. चढ जवळजवळ नाहीच, त्यामुळे लहान मुलेही बरोबर असतात. परिसंवादासाठी निबंध लिहिताना या वाटांचे नकाशे आणि छायाचित्रे माझ्यासमोर आली आणि पहिला विचार मनात आला तो असा : कालवा तर आमच्याकडेही आहे, आणि त्याच्या काठाने वाटही आहे.

२/
आमचा कालवा सिद्धेश्वर धरणातून निघतो. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर हे मातीचे धरण आहे. त्याची भिंत सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरीचे मोठे धरण आहे. तेथे वीजनिर्मिती करून सोडलेले पाणी नदीपात्रातून सिद्धेश्वरला येते, आणि सिद्धेश्वरहून ते डाव्या तीराच्या कालव्यात वळवले जाते. पुढे वसमतच्या दिशेने जाणाऱ्या या पाण्यावर परभणी, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांतील पन्नास हजारांहून अधिक हेक्टरांचे लाभक्षेत्र अवलंबून आहे.

३/
या कालव्याच्या काठाने सायकलीवरून जायचे, वाटेची टिपणे काढायची आणि येथे एक 'मार्ग' म्हणून मांडायची, असे मी ठरवले. आजोबांना, म्हणजे आमच्या आबांना, ते सांगितले. आबा याच कालव्यावर पाटकरी होते. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कॅनॉलवर फिरायला? नुसतं फिरायला?"
त्या 'नुसतं' या शब्दाने माझा निबंध अडला. हा धागा त्या एका शब्दाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

४/
आधी इंग्लंडची वाट पाहू. कालव्यातील नाव काठावरून दोराने ओढण्यासाठी जी वाट राखलेली असे, तिला इंग्रजीत टोपाथ म्हणतात. या धाग्यापुरते मी तिला 'ओढवाट' म्हणते. इंजिन येण्यापूर्वी कालव्यातील मालवाहू नावा घोड्याने किंवा खेचराने ओढल्या जात. दोराचे एक टोक नावेला, दुसरे घोड्याला, आणि घोड्याबरोबर चालणारे एक माणूस. त्या दोघांच्या पायांसाठी ही वाट बांधली गेली.

५/
इंग्लंडमधल्या कालवेयुगाचा आरंभ साधारणपणे १७६१ पासून मानतात. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या कोळशाच्या खाणी वर्स्ली येथे होत्या आणि गिऱ्हाईक मँचेस्टरला. जेम्स ब्रिंडली या कारागीर अभियंत्याच्या साहाय्याने त्याने कालवा खणला, वाटेत नदी आडवी आली तेव्हा तिच्यावरून पाण्याचा पूल नेला. कोळसा नावेने येऊ लागल्यावर मँचेस्टरमध्ये त्याचा भाव निम्म्यावर आला. त्या यशानंतर कालव्यांत पैसा गुंतवण्याची लाट आली. १७९० च्या दशकात तर तिला 'कालव्यांचे वेड' असेच नाव पडले.

६/
एवढा फायदा कशामुळे? खराब रस्त्यावर घोडा गाडीने एक-दोन टन माल कसाबसा ओढी. तोच घोडा संथ पाण्यावरची पंचवीस-तीस टनांची नाव चालण्याच्या गतीने ओढू शके. मात्र त्यासाठी पाणी स्थिर आणि सपाट असावे लागे. म्हणून कालवा पायऱ्यांसारखा बांधला जाई : सपाट टप्पा, मग जलपाश, म्हणजे दोन दारांमधली अशी कोंडी की जिच्यात पाणी भरून किंवा काढून नाव वर चढवता अथवा खाली उतरवता येई, मग पुन्हा सपाट टप्पा. आज सायकलस्वाराला तेथे चढ लागत नाही, याचे कारण घोड्याची ही सोय आहे.

७/
या वाटेवर मौजेने कोणी चालत नसे. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर नावाड्यांची मिळकत घटली, आणि अनेक कुटुंबे घर सोडून नावेच्या चिमुकल्या खोलीत राहू लागली. दिवसभर घोड्याबरोबर चालण्याचे काम बऱ्याचदा मुलांकडे असे. शाळा अर्थातच नाही. जॉर्ज स्मिथ या सुधारकाने या मुलांची हकीकत लोकांपुढे मांडली, आणि १८७७ मध्ये नावेवर राहणाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. जेथे बोगद्यातून ओढवाट नसे, तेथे घोडा डोंगरावरून नेत आणि माणसे नावेत उताणी पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावत नाव पुढे ढकलीत.

८/
या श्रमाची खूण अजून शिल्लक आहे. कित्येक जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर, कमानीच्या कडेला बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर आणि दगडांवर खोल खाचा दिसतात. ओला, वाळू लागलेला दोर त्याच जागी वर्षानुवर्षे घासत गेला, त्याच्या त्या खाचा आहेत. आपल्याकडे जुन्या आडाच्या काठावर दोराच्या खाचा पडलेल्या असतात, त्या डोळ्यांसमोर आणाव्यात. सायकलवरून जाणारी मुले आज त्यांत बोट घालून पाहतात.

९/
रेल्वेने कालव्यांचा व्यापार हळूहळू खाल्ला, पुढे मोटारट्रकने उरलेला नेला. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ चा हिवाळा इतका कडक पडला की कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले. अडकलेला माल गिऱ्हाइकांनी दुसऱ्या वाटेने नेला आणि त्यांतले बरेचसे पुन्हा कालव्याकडे परतलेच नाहीत. अरुंद नावांची मालवाहतूक त्यानंतर जवळजवळ संपली.

१०/
मोडकळीला आलेल्या या जाळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारी माणसे त्याआधीच पुढे आली होती. एल. टी. सी. रोल्ट याने नावेतल्या आपल्या प्रवासावर लिहिलेले 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये निघाले. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, कालवे वाचवण्यासाठी 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. पुढे १९६८ च्या वाहतूक कायद्याने सरकारी कालव्यांचे तीन वर्ग केले : व्यापाराचे, नौकाविहाराचे आणि उरलेले. कालवा करमणुकीसाठीही राखता येतो, हे सरकारने कायद्यात लिहून दिले.

११/
केनेट अँड एव्हन कालव्याचे उदाहरण घ्या. हा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ठिकठिकाणी कोरडा आणि बंद पडला. स्वयंसेवकांनी अनेक वर्षे गाळ काढला, जलपाश दुरुस्त केले, आणि १९९० मध्ये तो पुन्हा खुला झाला. डिव्हायझेस गावाजवळ त्याचे एकोणतीस जलपाश टेकडीवर ओळीने चढत जातात. त्याच्या ओढवाटेचा मोठा भाग आज राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक ४ मध्ये मोडतो.

१२/
ओढवाट पूर्वी सर्वांची होती, असा समज करून घेऊ नये. ती कालवा कंपनीची खासगी मालमत्ता असे. सरकारी ताबा आल्यानंतरही कित्येक वर्षे तिच्यावर सायकल चालवण्यासाठी परवाना लागे. आजही सायकलस्वाराने वेग कमी ठेवावा आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी, हाच तेथला पहिला शिरस्ता आहे.
म्हणजे क्रम असा दिसतो : आधी काम, मग कामाचा अंत, मग पडीकपणा, आणि शेवटी फिरणे. घोडा गेला तेव्हा सायकल आली.

१३/
आता थोडे थांबून एका सालाकडे पाहू. इंग्लंडमध्ये कालव्यांचे वर्गीकरण करणारा कायदा १९६८ चा. धरणांच्या नोंदीत सिद्धेश्वरच्या पूर्णतेचे सालही १९६८ हेच आहे. तेथे कालवा कामावरून निवृत्त होत होता, आणि येथे, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, कालवा कामावर रुजू होत होता. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) दोन वाटा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची वये वेगळी आहेत, हे मला या सालाने प्रथम दाखवले.

१४/
येथे कोणी विचारील : भारतात ओढवाटा नव्हत्याच का? होत्या, आणि त्यांतल्या काहींचा संबंध आमच्याच पाण्याशी आहे. पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी नांदेडवरून, तेलंगणातून वाहत राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे पोचते. तेथे आर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला. त्यातून निघालेले त्रिभुज प्रदेशातले कालवे सिंचनासाठी होते आणि नावांसाठीही. त्यांवर जलपाश होते, शिडाच्या नावा चालत, आणि वारा नसेल तेव्हा माणसे काठाने चालत दोराने त्या ओढीत.

१५/
कॉटनचे म्हणणे असे होते की हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त आणि अधिक उपयोगी पडतील. खुद्द गोदावरीतून नावा चालवून आतल्या मुलखातला कापूस समुद्राकडे न्यावा, यासाठी १८६० च्या दशकात वरच्या पात्रात कामेही झाली. पण खडकाळ धावत्या पाण्याने आणि वाढत्या खर्चाने ती रखडली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला दुसरी वाट मिळाली. १८७१ मध्ये गोदावरीचे ते काम सोडून देण्यात आले.

१६/
दख्खनच्या पठारावर नावांचा कालवा रुजला नाही, याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. नावेला उभे पाणी हवे असते, शेताला वाहते. नावेचा कालवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या रुंदीचा असावा लागतो. सिंचनाचा कालवा मात्र वाटत वाटत संपतो : मुख्य कालवा, शाखा, वितरिका, चारी, शेतातला पाट. शेवटी पाणी एका सरीत जिरते आणि कालवा तेथेच संपतो.

१७/
तरीही सिंचनाच्या कालव्याकाठची वाट सायकलीला तितकीच सुखाची असते, आणि त्याचे कारण जवळचेच आहे. पाणी उंचीवर टिकवून शक्य तितक्या दूर न्यायचे, म्हणून कालवा टेकडीच्या अंगाने वळणे घेत, समपातळीला धरून जातो. मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम वीतभर असतो. त्यामुळे त्याच्या भरावावरची वाटही तशीच सपाट असते. मात्र ही वाट घोड्यासाठी बांधलेली नाही. ती पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी बांधलेली आहे. कागदोपत्री तिला निरीक्षण पथ किंवा सेवा रस्ता म्हणतात, गावात नुसते 'कॅनॉलचा रस्ता'.

१८/
ही नजर पहिल्यापासून कडक होती. १८७३ च्या उत्तर भारत कालवा अधिनियमात, नियमांविरुद्ध कालव्याच्या काठावरून जनावरे किंवा वाहने नेणे हा शिक्षेस पात्र अपराध ठरवला होता. कारण साधे आहे : भराव मातीचा असतो, बैलगाडीच्या चाकोरीने तो खचतो, आणि एकदा फुटला की खालची शेते वाहून जातात. काठ सर्वांना दिसतो म्हणून तो सर्वांसाठी मोकळा असतो, असे नाही.

१९/
काठावर फिरणाऱ्या सरकारी माणसाला मात्र मराठीत फार जुने नाव मिळाले : पाटकरी. धुळे आणि नाशिक भागांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून पाणी वाटण्याची फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. तेथे पाटकरी नेमत असे ते शेतकऱ्यांचे मंडळ, आणि त्याचा मोबदलाही शेतकरीच देत. आधुनिक कालव्यांवर शब्द तोच राहिला, धनी बदलला. फडावरचा पाटकरी गावाला जबाबदार होता. कालव्यावरचा पाटकरी गावातच राहतो आणि जबाब वर देतो. आबांच्या आयुष्यातली सगळी ओढाताण या एका बदलात आहे.

२०/
शेतकऱ्याने पाण्यासाठी 'नमुना नंबर सात' भरायचा, मंजुरी आली की शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, त्याच्या शेताला पाणी द्यायचे. आवर्तन सुरू झाले की ते रात्रंदिवस चाले. आबांच्या वाट्याला कालव्याचा ठरावीक तुकडा आणि त्यावरची दारे होती. हप्त्याने घेतलेली एक काळी सायकल, कंदील, पुढे बॅटरी, दारांच्या किल्ल्या आणि एक वही. सायकलीला मागे कॅरिअर होते, पण त्यावर घरातले कोणी बसून त्या वाटेने गेल्याचे आत्याला आठवत नाही. ती सायकल फिरण्याची नव्हती.

२१/
या हिवाळ्यात मी त्या वाटेने गेले. मी सायकलवर, आबा चुलतभावाच्या मोटारसायकलीवर मागे. धरण मागे पडल्यावर वाट कालव्याला लागली. एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला खोलगट रान : गहू, हरभरा, काढणीला आलेली हळद. भरावावर बाभळी आणि निंब. कालव्यात पाणी नव्हते. तळाशी राहिलेल्या डबक्यांवर बगळे उभे होते. काही ठिकाणी अस्तराच्या फटींतून गवत वाढले होते. एका नाल्यावरून कालवा पुलासारखा पलीकडे जातो. तेथे उभे राहिल्यावर ब्रिंडलीची आठवण आली. मी आबांना ते सांगितले. ते म्हणाले, "आमच्या सायबानं पण हेच बांधलं की."

२२/
एका दाराजवळ आबांनी गाडी थांबवायला लावली. लोखंडी दार गंजले होते. काठावर बसून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. पाणी मोजून सुटत होते. रात्री फेरी मारताना त्यांना हे दार उघडे दिसले. खाली शेतात कंदील होता आणि बारे धरणारा माणूस ओळखीचा होता : त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आबांचे दाजी. पाळी त्यांची नव्हती. आबांनी दार बंद केले आणि वहीत नोंद केली. दाजी वर आले, हात जोडून म्हणाले, अर्धा तास दे. आबांनी दिला नाही. तो गहू वाळला. पुढची तीन वर्षे आबांना भाऊबीज नव्हती.

२३/
मी विचारले, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"
आबा म्हणाले, "नंबर खालच्याचा होता, माय."
एवढेच. मग उठून त्यांनी दाराच्या चाकाला हात लावून पाहिला. ते फिरले नाही. इंग्लंडमधल्या पुलांवरच्या खाचा मी केवळ छायाचित्रांत पाहिल्या आहेत. या दाराच्या चाकावर मुठीच्या जागी लोखंड गुळगुळीत झालेले आहे, ते मी हाताने पाहिले.

२४/
परतताना समोरून सायकलींवर शाळेच्या मुली आल्या, आठ-दहा जणी, दोन-दोनच्या रांगेत, गप्पा मारत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. ज्या जिल्ह्यांपासून हा कार्यक्रम सुरू झाला त्यांत हिंगोली आहे. कच्च्या रस्त्यापेक्षा कॅनॉलचा रस्ता सरळ पडतो, म्हणून त्या येथून येतात, असे त्यांनी सांगितले. एकीने मला विचारले, "तुम्ही कोणत्या कामाला आलात?" फिरायला, असे मी म्हणाले. त्या हसल्या आणि पुढे गेल्या. आबांचाच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला तुलना करण्याचा मोह होतो आणि तो मोह घातकही ठरतो. ओढवाट आज रम्य आहे, कारण तिच्यावरचे श्रम संपून गेले आहेत. ज्या मुलांनी तेथे घोडे हाकले त्यांची दमणूक आता कोणाला जाणवत नाही. आमची वाट मात्र अजून कामावर आहे. तिच्यावर पाणी सोडणारा माणूस आहे, पाण्याची वाट पाहणारा शेतकरी आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. तिला नुसता 'सायकलमार्ग' म्हणणे म्हणजे ती निवृत्त झाली असे परस्पर जाहीर करणे होय. शेपटाकडच्या ज्या शेतकऱ्यांना अजून पाण्याची वाट पाहावी लागते, त्यांच्यासमोर मला ते म्हणता येणार नाही.

२६/
मग फिरूच नये का? मला तसे वाटत नाही. पुण्यात मुठा उजव्या कालव्याच्या काठाने माणसे सकाळी फिरतात, आणि त्याच पाण्यावर पुढे हवेलीपासून इंदापूरपर्यंतची शेते भिजतात. काम आणि फिरणे एका वाटेवर नांदू शकतात. अट एवढीच की फिरणाऱ्याने पाहुण्यासारखे वागावे. इंग्लंडकडून घ्यायचेच असेल तर पायी चालणाऱ्याला आधी वाट देण्याचा त्यांचा शिरस्ता घ्यावा.

२७/
म्हणून 'मार्ग' मांडते, पण आबांनी घातलेल्या अटींसह :
• आवर्तन चालू असताना जाऊ नये. अस्तराचा उतार निसरडा असतो, पडलेले माणूस वर येत नाही.
• पावसाळ्यात भरावावर सायकल घालू नये. चाकोरीत पाणी साचते आणि माती सुटते.
• दाराला, चाकाला, कुलपाला हात लावू नये.
• समोर बैलगाडी, गुरे किंवा डोक्यावर ओझे घेतलेली बाई आली तर उतरून बाजूला उभे राहावे.
• पाटकरी भेटला तर आधी रामराम घालावा आणि पुढे जाऊ का, असे विचारावे.

२८/
आबांच्या 'नुसतं' या शब्दाचे उत्तर मला पूर्ण सापडलेले नाही. घरी आल्यावर त्यांनी पडवीतली जुनी काळी सायकल बाहेर काढायला लावली. मागच्या चाकाची ट्यूब कुजली होती. ती बदलून आणली, साखळीला तेल दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिच्यावर बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. कुठे जाऊन आलात, असे आजीने विचारले. "कुठं नाही," ते म्हणाले, आणि सायकल भिंतीला टेकवून आत गेले.

२९/
धागा येथे संपतो. तुमच्या घरात किंवा गावात कोणी पाटकरी, कालवा चौकीदार, दारे उघडणारे कोणी असतील, तर त्यांच्या वह्या आणि आठवणी आजच टिपून घ्या. कालव्यांचा इतिहास आपण धरणांच्या उद्घाटनांपासून लिहितो. रात्री बॅटरी घेऊन काठाने गेलेल्या माणसांच्या नोंदी मात्र रद्दीत जातात. आबांची १९७२ ची वही आम्हाला मिळाली नाही. १९७९ ची मिळाली आहे. ती वाचून झाली की पुढचा धागा तिच्यावर.
आणि सिद्धेश्वरला सायकल घेऊन येणार असाल, तर पाणी कधी सुटणार आहे ते गावात विचारून मगच निघा.